माझा दोन ते तीनचा तास

“ताई, जरा बाहेर येता का?”

खिडकीतून आवाज आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून आठ मिनिटं झाली होती. मी डोळे उघडले नाहीत. म्हणजे उघडले, पण किलकिले, समोरच्याला कळणार नाही एवढेच. मिशन कंपाउंडात वाढलेल्या पोरांना ही विद्या न शिकवता येते.

गजांपाशी अंबादास उभा होता. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुवार्ताचा नवरा. जातीनं लोहार, हिंदू, एसटी स्टँडच्या मागं त्याचा भाता. तीन वर्षांत मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते आणि त्यानंही कधी माझ्या वाटेला जायची हिंमत केली नव्हती.

मी गुडघ्यांवर होते आणि तशीच राहिले.

ते का, ते सांगते. उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, आदला दिवस होता. आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी साखळी प्रार्थना सुरू व्हायची, ती शुक्रवारच्या उपासनेपर्यंत. चर्चला लागून एक लहान खोली आहे, तिथं एक चटई, एक घड्याळ आणि प्रार्थनेच्या विषयांचा एक कागद. प्रत्येकाला एक तास वाटून दिलेला. पुढचा माणूस यायचा, शेजारी गुडघे टेकायचा, खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “मी आहे.” मगच आधीच्यानं उठायचं. चटई एक क्षण रिकामी राहता कामा नये, असा नियम. कोणी केला, कधी केला, कोणाला ठाऊक. व्हरांड्यात फळा टांगलेला असायचा, तासापुढं नाव, आणि तास पुरा झाला की नावापुढं खडूची बरोबरची खूण. आदल्या वर्षी योहान मास्तरांना पहाटेच्या तासाला झोप लागली आणि चटईवर घोरताना सापडले. वर्षभर लोकांनी त्यांना चर्चच्या पायरीवर गाठून गाठून बोलून घेतलं. गावात पाऊस कमी झाला तोही मास्तरांच्या झोपेवर गेला.

मी त्यात सगळ्यात पुढं होते, खोटं कशाला बोलू. मी तबीथा रणभिसे, मिशनच्या दवाखान्यातली नर्स, वय चौतीस, लग्न केलं नाही. पांढरं लुगडं, पहिल्या बाकावर पहिली जागा, गीतांचं पुस्तक न उघडता गाणारी. सुवार्तानं लोहाराशी लग्न केलं तेव्हा मंडळीच्या बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले होते. मीच उठून म्हणाले, माझ्या बहिणीचं नाव यादीतून कमी करा. केवढं कौतुक झालं त्याचं. पाळकसाहेबांनी दोन रविवार माझं उदाहरण दिलं. आई नव्हती तेव्हा, तेवढं बरं होतं.

“ताई,” अंबादास पुन्हा म्हणाला, “दवाखान्याला कुलूप हाय. सुवार्ताच्या अंगावरनं जातंय. रगत.”

मला ती गरोदर असल्याचं दवाखान्यात येणाऱ्या बायकांकडून कळलं होतं. आठवा महिना. दवाखान्यात नाव घालायला ती माझ्याकडं आली नव्हती आणि मी निरोप धाडला नव्हता. गावात दुसरं कोणी नव्हतं. सरकारी डॉक्टर सुट्टीवर, नगरची गाडी चार वाजता. मिशनची जीप मात्र कंपाउंडात उभी होती, ड्रायव्हर बन्सी लिंबाखाली पडलेला होता, आणि दवाखान्याची किल्ली माझ्या कमरेला होती. गुडघ्यांवर वाकले की ती पोटाला टोचायची. आत्ताही टोचत होती.

मी त्याच्याकडं न बघता हात वर केला. थांबा, अशी खूण केली.

“लई न्हाई जात,” तो म्हणाला, “दुखत बी न्हाई, पर थांबत न्हाई. शेजारच्या बायजाकाकूला बसवून आलोय.”

लई न्हाई. हा शब्द मी उचलला. मला हवाच होता. लई नाही म्हणजे थोडं असणार, थोडं म्हणजे आराम केला की थांबतं, पाय उंच करून निजवलं की थांबतं. अशा शंभर बाया पाहिल्यात. आठव्या महिन्यात न दुखता जाणारं रक्त म्हणजे जिवाला काय धोका, ते मी तीन वर्षं दवाखान्यातल्या आयांना शिकवलं होतं. घोकून घेतलं होतं त्यांच्याकडून. ते त्या वेळी मला आठवलं नाही असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगितलं. आठवलं होतं.

मी बोटानं घड्याळ दाखवलं. तीन.

तो घड्याळाकडं बघत राहिला. मग गजांना धरून हळू आवाजात म्हणाला, “तुमचं देवाचं चाललंय, मला कळतंय. तिच्यासाठीच मागताय का?”

समोर कागद होता. चौथा विषय, भरकटलेल्यांसाठी. त्याखाली पाच नावं, आणि तिसरं नाव सुवार्ता. माझ्याच अक्षरात. मी होय अशी मान हलवली.

“मग थांबतो,” तो म्हणाला.

त्यानं चपला काढल्या. दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि पुन्हा खिडकीशी येऊन हात जोडून उभा राहिला. बाहेर दारापासून खिडकीपर्यंत शहाबादी फरशी आहे, पश्चिमेला तोंड करून. एप्रिलातली दुपार. त्या फरशीवर आम्ही कुरडया वाळवतो.

मी प्रार्थना करू लागले. काय बोलले ते शब्दन् शब्द सांगू शकते. प्रभू, तिला मागं फिरव. प्रभू, तिचं मन मोड. तिला तुझ्या कळपात आण. गोड आवाज आहे माझा, प्रार्थनेत तर फारच. आणि डोक्यात दुसरंच चाललेलं. उठले तर चटई रिकामी. फळ्यावर माझ्या नावापुढं फुली. आणि कोणासाठी, तर त्या बहिणीसाठी, जिचं नाव मीच काढायला लावलं. बायका म्हणतील, बघा, रक्ताचं आलं तशी सिस्टर विरघळली. योहान मास्तर तर पेढे वाटतील. कोणाला हाक मारावी म्हटलं तर आसपास चिटपाखरू नाही, सगळं कंपाउंड जेवून आडवं झालेलं. निदान बन्सीला उठवा, जीप काढायला सांगा, एवढं तरी अंबादासला सांगता आलं असतं. पण प्रार्थनेत मध्येच बोलायचं नाही हाही नियमच.

अडीच वाजता त्यानं एकदा हाक मारली. “ताई.” नुसतं ताई. आवाज कोरडा पडला होता.

मी प्रार्थनेचा आवाज चढवला, त्याचा ऐकू येऊ नये म्हणून. आयुष्यात पुष्कळ गोष्टी केल्या, पण ही एक मला अजून झोपू देत नाही.

पुन्हा त्यानं हाक मारली नाही.

पावणेतीनला एस्तेरमावशी आली. तीन ते चार तिचा तास. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं भाकरी थापलेल्या, अक्षरओळख नाही, घड्याळ कळत नाही म्हणून सावली बघून नेहमी पंधरा मिनिटं आधीच यायची. बाहेर तिचा आणि अंबादासचा काहीतरी बोलण्याचा आवाज आला. मोजून चार वाक्यं झाली असतील. मग ती आत आली. चप्पल घालूनच आली, आणि चटईवर गुडघे न टेकता माझ्यासमोर उभी राहिली.

“तबीथे, ऊठ.”

मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि कुजबुजले, “मावशी, पंधरा मिनिटं राहिलीत. तुम्ही टेका, मग मी—”

“ऊठ म्हणते ना.”

“साखळी तुटेल.”

“तुटू दे.”

तिनं माझ्या काखेत हात घातला आणि मला उभं केलं. सत्तरीची बाई, पण भाकरीचं पीठ मळून मळून हात दगड झालेले. पायाला मुंग्या आलेल्या, मी धडपडले. मी वळून पाहिलं तर मावशीही माझ्या मागं बाहेर निघाली होती.

“तुम्ही तरी बसा,” मी म्हणाले. त्या क्षणीसुद्धा.

“मी बसले तर तिला जीपमध्ये कोण धरील?” ती म्हणाली.

बन्सीला उठवलं, दवाखाना उघडला, सलाइनच्या दोन बाटल्या उचलल्या. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. सहा. मी नंतर शंभर वेळा मोजलंय. अंबादास अनवाणीच जीपच्या पुढं पळत होता, बसतो म्हणाला नाही.

घरात शिरले आणि वासावरूनच मला कळलं. बायजाकाकूनं खाली गोधडी घातली होती, ती भिजून जमिनीवर ओघळ आला होता. सुवार्ता भिंतीकडं तोंड करून पडलेली. ओठ पांढरे. मी नाडी धरली आणि बोटाखाली ती लवकर सापडेना. हातात सुई सरकवायला तीन वेळा शीर हुकली, माझ्याकडून, जिच्या सुईला पोरंसुद्धा घाबरत नाहीत अशी ख्याती होती.

अंबादासनं तिला उचललं. तो तिच्या कानाशी बोलत होता. “ताई आल्यात बघ. तुझ्यासाठीच बसल्या होत्या. सारा वेळ तुझंच नाव घेत होत्या, मी ऐकलं.”

तिनं डोळे उघडले. मला बघायला तिला थोडा वेळ लागला.

“खरंच?” ती म्हणाली. “माझं नाव घेत होतीस, आक्का?”

तीन वर्षांनी ऐकलेली हाक. मी सलाइनची बाटली वर धरली होती.

“हो,” मी म्हणाले.

“मग बरं,” ती म्हणाली.

जीपमध्ये एस्तेरमावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मावशी प्रार्थना करत होती की नाही मला माहीत नाही, ओठ हलत नव्हते. ती फक्त सुवार्ताचे केस मागं सारत होती आणि बन्सीला सांगत होती, खड्डा बघ, खड्डा बघ. नगरच्या अलीकडच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती. तिथं माझ्या बोटाखालची नाडी गेली. मी कोणाला सांगितलं नाही. नगरच्या दवाखान्यापर्यंत बाटली तशीच वर धरून बसले. बाळ पोटातच गेलं. काढल्यावर, मुलगी होती म्हणाले.

अंबादासनं तिला आपल्या गावी नेलं. आमच्या कबरस्तानात जागा मिळाली नसती, आणि त्यानं मागितलीही नाही. शुक्रवारी सकाळी तिचं सगळं उरकलं. मी दुपारी चर्चमध्ये होते. पहिल्या बाकावर. लोकांना वाटलं, काय हिची श्रद्धा. मला दुसरीकडं कुठं बसायचं ते सुचलं नाही, एवढंच.

ईस्टरच्या रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. उपासना झाल्यावर पाळकसाहेब खाली उतरले आणि साखळीचा विषय काढला. या वर्षी चटई गुरुवारी दुपारी तास-दोन तास रिकामी होती, हे आपल्या मंडळीला शोभणारं नाही, म्हणाले. मग माझ्याकडं वळले. अंबादासनं सांगितलेलं बन्सीकडून त्यांच्या कानावर गेलं होतं.

“आणि याच मंडळीत आपल्या तबीथा सिस्टर आहेत. सख्खी बहीण तिकडं मरणाच्या दारात, माणूस बोलवायला खिडकीशी उभा, आणि ही भगिनी प्रभूच्या पायाशी गुडघे टेकून राहिली. आपल्या जिवाचं माणूस गेलं, पण ही ढळली नाही. आज्ञापालन म्हणतात ते हे.”

बायका पदरानं डोळे पुसत होत्या. फळ्यावर दोन ते तीनपुढं बरोबरची खूण होती. मला पावणेतीनलाच उठवलं हे मावशीखेरीज तिथं कोणाला माहीत नव्हतं. तीन ते चारपुढं मोठी फुली.

“एस्तेरबाई,” पाळकसाहेब म्हणाले, “तुम्ही मंडळीसमोर दोन शब्द बोलाल का?”

मावशी मागच्या भिंतीशी खाली बसायची. ती भिंतीला हात लावत उठली.

“चुकलं, साहेब,” ती म्हणाली. “मला उशीर झाला. आणखी आधी यायला पाहिजे होतं.”

“बसा, बसा,” पाळकसाहेब म्हणाले, “कबूल केलंत, प्रभू क्षमा करणारा आहे.”

ती बसली. बसताना तिनं माझ्याकडं बघितलं. तिला काही नको होतं माझ्याकडून, नुसतं बघितलं, जेवलीस का असं विचारल्यासारखं. मला उठता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. सगळं चर्च ओल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होतं आणि मी मान खाली घालून बसून राहिले, तर त्यांना ती नम्रता वाटली. ते वाक्य त्या चर्चमध्ये बोलायला मला पुढं अकरा वर्षं लागली. तोवर मावशी कबरस्तानात गेली होती आणि तो फळाही वाळवीनं खाल्ला होता.

बाहेर निघताना प्रार्थनेच्या खोलीच्या दाराशी अंबादासच्या चपला दिसल्या. गुरुवारपासून तिथंच होत्या. टायरच्या, एकीचा अंगठा तारेनं शिवलेला. जोडून ठेवल्या होत्या तशाच, फक्त कोणीतरी पायानं बाजूला सारल्या होत्या. मी उचलल्या. पांढऱ्या लुगड्याच्या पदराखाली धरून घरी आणल्या.

सोमवारी सकाळी मी त्या घेऊन त्याच्या घरी गेले. गावाहून तो आदल्या दिवशीच परत आला होता. भाता बंद. त्याची म्हातारी आई दारात बसली होती, तिनं माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. “तू शेवटपरेंत देवापाशी बसलीस गं माझ्या सुनंसाठी,” म्हणाली, “अंबादास साऱ्यांना सांगतो.” मी हात सोडवून घेतला.

तो आत भिंतीला टेकून बसला होता, पाय लांब करून. मी चपला पुढं ठेवल्या. मग त्याचे तळवे पाहिले.

दोन्ही तळवे फोडांनी भरलेले. टाचेकडचे फुटलेले, त्यात माती आणि राख गेलेली. लोहाराचे पाय, ठिणग्यांवर चालणारे. मी नर्स आहे, मला विचारावं लागलं नाही. सदतीस मिनिटं तो त्या फरशीवर उभा होता. दोन पावलांवर लिंबाची सावली होती, पण सावलीतून खिडकी दिसत नव्हती.

“पाणी तापवा,” मी म्हातारीला म्हणाले.

पिशवीत पट्ट्या नेहमीच असायच्या. मी खाली बसले आणि त्याचा डावा पाय मांडीवर घेतला. तो ओशाळला, ओढून घ्यायला लागला. मी सोडला नाही. धुतला, माती काढली, मलम लावलं. त्याला झोंबत असणार. म्हातारी दुसरं पाणी आणायला गेली तेव्हा मी बोलले.

“अंबादास, मला उठता आलं असतं.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“त्या दिवशी,” मी म्हणाले. “तुम्ही हाक मारली तेव्हाच.”

बाहेर एसटी लागली, माणसं चढली, एसटी गेली.

“मला वाटलं, तुमच्यात उठत नसतील,” तो म्हणाला. “आमच्यात बी पूजेला बसलेला माणूस मधी उठत न्हाई. म्हणलं, देवाचं काम हाय. आपन तोडलं तर तिलाच बाधंल. म्हनून परत हाक न्हाई मारली.”

“तसं काही नव्हतं.”

“तुमच्या देवानं सांगितलं न्हवतं? उठू नको म्हनून?”

“नाही.”

“मग कोनी?”

रागानं विचारलं नव्हतं त्यानं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या तोंडात तीस वर्षांची वचनं होती, पाठ केलेली, बक्षिसं मिळवलेली, आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही. मी रडले. चर्चमध्ये रडायचे तशी नाही, नाक वाहेपर्यंत. तो माझं रडणं बघत बसला. समजूत घातली नाही त्यानं, आणि ते बरोबरच होतं.

मग मी पट्टीचा शेवटचा वेढा घातला, गाठ मारली आणि उजवा पाय मांडीवर घेतला.

दोन्ही पाय बांधून झाल्यावर उठले. दारापर्यंत आले आणि मागं वळून विचारलं, “उद्या येऊ का?”

“कशाला?”

“पट्टी बदलायला.”

तो त्या चपलांकडं बघत होता. मला वाटलं, नको म्हणेल.

“या,” तो म्हणाला. “पर लवकर या.”